धाब्याचा कठडा आणि रुळांवरील वाट

पाठ : अनुवाद २२:८; लूक १३:१–५; लूक १०:३०–३७

मोशेच्या नियमशास्त्रांत मोठमोठ्या आज्ञांच्या मध्यें एक लहानशी आज्ञा आहे. आपण ती वाचितों आणि न थांबतां पुढें जातों. जो नवें घर बांधील त्यानें आपल्या धाब्याभोंवतीं कठडा घालावा. नाहीं तर कोणी वरून पडून मेला असतां त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशांत लोक धाब्यावर निजत, धान्य वाळवीत, पाहुण्यांसह बसत. म्हणून धाब्याची कड ही रोजच्या वापरांतली मरणाची जागा होती.

ह्या आज्ञेंत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पडणारा सावध होता कीं बेसावध, शहाणा होता कीं लेंकरूं, हें ती विचारीत नाहीं. कठडा सर्वांसाठीं आहे, आणि बेसावधासाठीं तर विशेषच आहे. दुसरें असें कीं, कोणी पडूं नये म्हणून नुसती प्रार्थना करा, असें ती सांगत नाहीं. दगडमाती आणून कठडा बांधा, असें सांगते. हें काम भक्तीहून वेगळें नव्हे. शेजाऱ्याच्या जिवासाठीं रचलेला दगड देवापुढें अर्पणासारखाच आहे.

आपल्यांतील पुष्कळांचीं घरें आतां कौलारू किंवा पत्र्याचीं आहेत. तर मग आमच्या गांवांत ती धाब्याची कड कोठें आहे? जेथें गाडीवाट आणि आगगाडीची वाट एकमेकींस छेदितात तेथें ती आहे. ह्या देशांत प्रवाशांची पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेली. तें अंतर सुमारें ३४ किलोमीटरांचें होतें. तेव्हांपासून लोखंडी मार्ग गांवोगांव पसरला. कित्येक ठिकाणीं गांव एका अंगास राहिलें व शेत दुसऱ्या अंगास. घर इकडे आणि शाळा, बाजार किंवा मंदिर तिकडे. रोज ज्या वाटेनें जावयाचें त्या वाटेचें भय मनुष्यास वाटेनासें होतें. हजार वेळां सुखरूप ओलांडलेली वाट एक हजार एकाव्या वेळींही तशीच सुखरूप असेल, असें मन आपणांस सांगतें, आणि येथेंच मनुष्य फसतो.

जें घडून गेलें तें आठवा. ३ फेब्रुवारी २००५ रोजीं आपल्या नागपुराजवळ कन्हान येथें पहारेकरी नसलेल्या फाटकावर लग्नाचें वऱ्हाड घेऊन निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस आगगाडीची धडक बसली आणि पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. २४ जुलै २०१४ रोजीं तेलंगणांत मेदक जिल्ह्यांतील मासाईपेट येथें शाळेच्या बसीवर नांदेड–सिकंदराबाद गाडी आदळली. तेथेंही फाटकावर कोणी नव्हतें, आणि पंधराहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक लेंकरें होतीं. २६ एप्रिल २०१८ रोजीं उत्तर प्रदेशांत कुशीनगर जिल्ह्यांत शाळेच्या गाडीतील १३ मुलें अशीच गेलीं. तेथें लोकांस सावध करण्यासाठीं ठेविलेला एक गेटमित्र होता. त्यानें गाडीवानास थांबविण्याचा प्रयत्न केला, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें.

कठडा कोणीं घालावा, हा प्रश्न ह्यापूर्वींच विचारला गेला होता. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें २०१२ सालीं असें सुचविलें कीं, रुळांच्या पातळीवरील सर्वच फाटकें, पहाऱ्याचीं असोत वा बिनपहाऱ्याचीं, पांच वर्षांत काढून टाकावीं व त्यांच्या जागीं पूल किंवा भुयारी मार्ग करावे. कुशीनगरच्या अपघातानंतर कामास अधिक वेग आला, आणि जानेवारी २०१९ च्या अखेरीस ब्रॉडगेज मार्गांवरील सर्व बिनपहाऱ्याचीं फाटकें बंद झालीं. हें मोठें काम झालें, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानणें योग्य आहे. तथापि पहारेकरी आहे म्हणजे भय संपलें, असें नाहीं. ८ जुलै २०२५ रोजीं तमिळनाडूंत कडलूरजवळ पहाऱ्याच्या फाटकावर शाळेची गाडी आगगाडीखालीं सांपडून तीन विद्यार्थी मेले. तेथील फाटक सिग्नलाशीं जोडलेलें नव्हतें. जेथें फाटक सिग्नलाशीं जोडलेलें असतें तेथें तें लागून कुलूप पडल्यावांचून गाडीस सिग्नल मिळत नाहीं. जेथें तशी जोडणी नसते तेथें स्टेशनमास्तर आणि फाटकवाला यांच्या टेलिफोनवरील बोलण्यावर सर्व भार असतो, आणि मनुष्याची चूक अडविण्यास मध्यें दुसरें कांहीं नसतें. मनुष्य थकतो, विसरतो, झोंपतो. म्हणून दोहोंकडून कठडा पाहिजे.

आतां आगगाडीचा स्वभाव समजून घ्या, कारण अज्ञानानेंही लोक मरतात. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार थोडें घांसतें. त्यामुळें एवढें ओझें सहज ओढलें जातें, आणि त्यामुळेंच तें सहज थांबत नाहीं. भरलेली मालगाडी चार-पांच हजार टनांची असते. भर वेगांतल्या गाडीस ब्रेक लाविल्यावर उभें राहण्यास एक किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतर लागतें. गाडी हांकणारा तुम्हांस पाहतो, ब्रेक लावितो, शिटी वाजवितो. परंतु तो गाडी वळवूं शकत नाहीं. वळण्याची सत्ता दोघांपैकीं एकट्या तुम्हांलाच आहे.

फाटकापासून सुमारें ६०० मीटरांवर शिटीची पाटी असते. तेथून गाडीवाला शिटी वाजवूं लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी हें अंतर बावीस सेकंदांच्या आंत कापते, आणि १३० चा वेग असला तर सतरा सेकंदही लागत नाहींत. आतां आपली बैलगाडी पाहा. ती सेकंदास एक मीटर चालते असें धरा. दुहेरी मार्ग ओलांडून गाडीचें मागलें चाकही निर्भय जागीं पोंचावयाचें म्हणजे वीस मीटर तरी जावयाचें. त्यास वीस सेकंद लागले. म्हणजे शिटी ऐकून निघालेल्या मनुष्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. आणि मध्येंच बैल अडला, ट्रॅक्टर बंद पडला, उसाची ट्रॉली रुतली, तर काय?

डोळ्यांवरही भरंवसा ठेवूं नका. मोठी वस्तु दुरून येतांना, आहे त्याहून सावकाश येत आहे, असें डोळ्यांस भासतें. कानांची गोष्ट तशीच आहे. ट्रॅक्टराच्या आवाजांत, वाजंत्र्यांत, कानांत घातलेल्या यंत्राच्या गाण्यांत शिटी बुडून जाते. आमच्या आजोबांच्या काळीं कोळशाच्या इंजिनाचा धूर दुरून दिसे. विजेच्या गाडीस धूर नाहीं. जेथें दोन मार्ग आहेत तेथें एक गाडी गेली म्हणून निघूं नये, कारण तिच्या आड दुसरी येत असते. आणि विजेच्या मार्गावर डोक्यावरील तारेंत २५,००० व्होल्टांची वीज आहे. उंच रचलेल्या कडब्यावर बसून तिच्याखालून जाणें हें तारेस हात लाविण्यासारखेंच आहे.

ह्या सर्वांविषयीं सरकारानें कायदा केला आहे, तो आपल्या ट्रॅक्टर हांकणाऱ्या तरुणांस वाचून दाखवा. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें १३१ वें कलम असें कीं, पहारा नसलेल्या फाटकाशीं प्रत्येक वाहन थांबलें पाहिजे. बरोबरच्या मनुष्यानें उतरून रुळांपर्यंत चालत जावें, दोन्हीकडे पाहावें व मगच गाडी पलीकडे न्यावी. बरोबर कोणी नसेल तर हांकणारानें स्वतः उतरावें. रेल्वे कायदा, १९८९ याच्या १६० व्या कलमान्वयें बंद केलेलें फाटक उघडणारास तीन वर्षांपर्यंत आणि तें मोडणारास पांच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु ख्रिस्ती मनुष्यानें कैदेच्या भयानेंच थांबावें काय? शेजाऱ्याचें लेंकरूं ट्रॉलीत बसलें आहे, एवढें कारण पुरे नव्हे काय? बंद फाटकाखालून वांकून जाणारा मनुष्य दोन मिनिटें वांचवितो आणि मागें उभ्या असलेल्या मुलास तोच धडा शिकवितो. तो धडा तें मूल उद्यां एकटें असतां गिरवितें.

आतां दुसऱ्या पाठाकडे वळूं. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं होतीं. तीं माणसें इतरांहून अधिक पापी होतीं काय, असा विचार लोकांच्या मनांत होता. प्रभूनें तो विचार साफ नाकारिला, आणि ऐकणारांस स्वतःकडे पाहावयास लाविलें. बंधूंनो, अपघातानंतर आमच्या तोंडून दोन बोल निघतात, आणि दोन्ही वाईट आहेत. एक बोल असा : “देवाची इच्छा होती, मनुष्य काय करणार?” जेथें कठडा घालणें मनुष्याच्या हातीं होतें आणि त्यानें तो घातला नाहीं, तेथें तो दोष देवावर टाकणें ही नम्रता नव्हे, ती निंदा आहे. दुसरा बोल असा : “त्याचीच चूक, कशाला घाई केली?” हा बोल विधवेच्या कानीं पडतो, आणि ती तो आयुष्यभर वागविते.

तर मग सावधगिरीचा उपदेश करूंच नये काय? करावा, पण त्याची वेळ व जागा ओळखावी. तो आज मंदिरांत जिवंतांस करावयाचा, जेव्हां कोणाचें प्रेत अंगणांत नाहीं. ज्या घरीं प्रेत आहे तेथें उपदेशकानें जाऊन बसावें. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याबरोबर भुईवर मुक्यानें बसले, तोंवर त्यांच्याकडून कांहीं चुकलें नाहीं. ते कारणें सांगूं लागले तेव्हां चुकले. मेलेल्याचा न्याय करण्यास आपणांस कोणीं नेमिलें नाहीं. आणि ट्रॉली हांकणारा वांचला असेल तर त्याच्याही घरीं जा, कारण त्याच्या दाराशीं दुसरें कोणी जाणार नाहीं.

परंतु मुक्यानें बसणें पुरे झालें, असें समजूं नका. तिसऱ्या पाठांतील शोमरोन्यानें जखमा बांधिल्या, स्वतःच्या जनावरावर त्या मनुष्यास नेलें, उतारशाळेच्या धन्यास पैसे दिले, आणि परत येईन असें सांगितलें. त्याच्या प्रीतीस पुढला दिवसही होता. आमच्या प्रीतीसही तो असावा.

पहिल्या घटकेंत जखमींस उचलावें. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि १३९ वर रेल्वेस कळवावें. पोलिसांचें झंझट मागें लागेल ह्या भयानें कोणी मागें सरूं नये. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं घातलेल्या १३४अ कलमानें निःस्वार्थपणें साहाय्य करणारास संरक्षण दिलें आहे. त्यानंतर घरच्या माणसांबरोबर लिहितां-वाचतां येणारा एक मनुष्य द्यावा. दुःखांत बुडालेल्या माणसांस कागद सुचत नाहींत. पंचनामा व फिर्याद यांच्या नकला, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वाहनाच्या विम्याचे व परवान्याचे कागद, मृताच्या कमाईचा कांहीं पुरावा, इतकें सर्व एका पिशवींत घालून ठेवावें. न वाचलेल्या कोणत्याही कागदावर विधवेनें अंगठा उठवूं नये. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें लावितां येतो, आणि तो आपण राहतों त्या जिल्ह्यांतही लावितां येतो. उशीर मात्र करूं नये. रेल्वेचा हलगर्जीपणा सिद्ध झाल्यास तीही त्या न्यायाधिकरणापुढें जबाबदार ठरूं शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला आहे. वकिलास पैसे नसतील तर जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. स्त्रियांस, मुलांस, तसेंच अनुसूचित जातिजमातींतील लोकांस तेथें उत्पन्न न पाहतां फुकट वकील मिळतो. निर्गमाच्या पुस्तकांत असें सांगितलें आहे कीं, ज्यानें खड्डा उघडा ठेविला त्यानें पडलेल्या जनावराची भरपाई करावी. मग मनुष्यासाठीं भरपाई मागणें हा लोभ नव्हे.

मोठ्या अपघाताची चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करितात. हें खातें रेल्वेच्या हाताखालीं नाहीं, नागरी विमानचालन मंत्रालयाखालीं आहे. आणि ज्यांनीं अपघात पाहिला अशा गांवकऱ्यांची साक्षही तेथें घेतली जाते. साक्षीस जाणारानें जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच सांगावें. ऐकलेलें पाहिलें म्हणून सांगूं नये. फाटकवाल्यास बदडणें, गाडीवर धोंडे मारणें, ह्यानें मेलेला उठत नाहीं. उलट चौकशीचा पुरावा नासतो आणि निरपराध्याचें रक्त सांडतें. गाडी हांकणारा मनुष्य ब्रेक दाबून समोरचें मरण उघड्या डोळ्यांनीं पाहतो, आणि रात्रीं तेंच पुन्हां पाहतो. त्याच्यासाठींही प्रार्थना करा.

मग महिना लोटतो. पाहुणे जातात, वर्तमानपत्रें विसरतात, आणि खरी उपासमार तेव्हां सुरू होते. मंडळीच्या पंचांनीं त्या दिवसासाठीं आधींच ठराव करून ठेवावा : पेरणीस बैल कोणाचे, मुलांच्या वह्यांचा खर्च कोणाकडे, दर बुधवारीं त्या घरीं कोणी जावयाचें. वर्षश्राद्ध आपण करीत नाहीं. पण वर्ष झालें हें त्या घरास ठाऊक असतें. त्या दिवशीं तरी कोणी जाऊन बसावें.

शेवटीं, कठडा बांधण्याविषयीं. प्रत्येक मंडळीनें पुढील गोष्टी आपल्या हद्दींत कराव्या, असें मी तुम्हांस विनवितों.

१. गळिताचा हंगाम व लग्नसराई सुरू होण्यापूर्वीं एका रविवारीं उपासनेनंतर तरुणांस व ट्रॅक्टरवाल्यांस एकत्र बसवून वर सांगितलेला हिशोब समजावून द्यावा.

२. वऱ्हाड किंवा जत्रेकरू घेऊन जाणाऱ्या गाडीवर एक वडीलधारा मनुष्य नेमावा. फाटक येण्यापूर्वीं वाजंत्रें बंद करवावीं. जेथें पहारा नाहीं तेथें त्यानें उतरून पुढें चालावें, आणि पलीकडे गाडी मावेल इतकी मोकळी जागा पाहिल्यावांचून तिला रुळांवर चढूं देऊं नये.

३. गाडी रुळांत अडकलीच तर आधीं सर्व माणसें उतरवावीं. माल व यंत्र यांचा मोह सोडावा. फाटकवाला असेल तर त्यास कळवावें. तो नसेल तर १३९ वर कळवावें, आणि एकानें रुळांच्या बाजूनें, रुळांवरून नव्हे, येणाऱ्या गाडीच्या दिशेनें पुढें जाऊन तांबडें फडकें हालवावें. फडकें नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरावे. गाडी थांबविण्याची ती खूण आहे.

४. फाटकाच्या जागीं केलेला भुयारी मार्ग पावसाळ्यांत पाण्यानें भरत असेल तर लोक पुन्हां रुळांवरूनच जाऊं लागतात, आणि काढून टाकिलेलें मरण परत येतें. अशा ठिकाणीं ग्रामसभेंत ठराव करून विभागीय रेल्वे व्यवस्थापकाकडे अर्ज करावा. उत्तर न आल्यास पुन्हां करावा. त्या विधवेची गोष्ट आठवा, जिनें न्यायाधीशाच्या दाराशीं येणें सोडिलें नाहीं.

प्रिय बंधुभगिनींनो, ही कामें लहान दिसतात. त्यांनीं ज्याचा जीव वांचेल त्यास तें कधीं कळणारही नाहीं. तो संध्याकाळीं घरीं येईल, बैल सोडील, भाकरी खाईल आणि निजेल. धाब्यावर कठडा घालणाराचें नांव कोणी घेत नाहीं. परंतु ज्या घरावर रक्ताचा दोष आला नाहीं तें घर परमेश्वर ओळखतो. ज्यांच्या घरून मनुष्य गेला व परत आला नाहीं त्यांस तो धीर देवो. आणि त्याच वाटेवर आम्हांस एकमेकांचे राखणदार करो. आमेन.